पाखरू न पाहता काढलेली पिसे

न पाहिलेल्या गावाचे प्रवासवर्णन लिहिणारा लेखक आणि न पाहिलेल्या पाखराचे चित्र काढणारा चित्रकार ह्या दोघांत आम्ही पहिल्यास अधिक क्षम्य मानतो. त्या गावचा एखादा रहिवासी आज ना उद्या उठून लेखकाचा कान धरू शकतो. पाखरास ती सोय नाही. आपली मान कोणी भलत्याच रंगाने रंगविली, आपल्या पंखात कोणी दुसऱ्याचीच पिसे खोवली, म्हणून ते कोणाच्या दारी दाद मागावयास येत नाही. त्याची वकिली माणसासच करावी लागते. ती करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला, व त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. विषय वरकरणी अगदी हलका आहे: संगणकावर पिसे कशी काढावीत, एवढाच. पिसाहून हलके ते काय असणार! पण तराजूच्या रिकाम्या पारड्यात पीस पडले तरी काटा हलतो, हे जवाहिऱ्यास ठाऊक असते. आणि येथे पारड्यात काय पडले आहे ते पुढे दिसेलच.

गेल्या हिवाळ्यात सोलापुरास शुक्रवार पेठेत, संगणकावर चित्रे काढावयास शिकविणाऱ्या एका वर्गाने आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन मांडले होते. शेजारचा एक मुलगा त्या वर्गात जातो. त्याच्या आग्रहावरून आम्ही गेलो. माडीवरच्या लांबट खोलीत ओळीने पडदे उजळले होते. मुलाने आम्हांस आपल्या मोरापुढे उभे केले. झेंडूच्या फुललेल्या शेतात मोर पूर्ण पिसारा फुलवून उभा होता. मुलगा अभिमानाने म्हणाला, "काका, एक-एक तंतू वेगळा केलाय. एवढं एक चित्र रेंडर व्हायला संगणकाला अख्खी रात्र लागली." ते खरे होते. तंतू मोजता येतील इतके स्पष्ट होते, आणि त्यांवर ऊन चकाकत होते.

तथापि थोडा वेळ पाहताच आमच्या मनास रुखरुख लागली. तो पिसारा मोराच्या शेपटीच्या टोकातून निघाला होता. वास्तविक ज्यास आपण पिसारा म्हणतो ती मोराची शेपटी नव्हेच. शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटास उगवणारी ती झाकपिसे आहेत, आणि खरी शेपटी, आखूड व तपकिरी, त्यांच्या मागे टेकू देऊन उभी असते. पंखांच्या मोठ्या पिसांचा दांडा बरोबर मध्यातून गेला होता. उडणाऱ्या पाखराच्या बाह्यपंखात तो तसा कधीच नसतो. शिवाय झेंडू फुलतो दसऱ्यास, आणि मोर तर पावसाळा सरता सरता आपला पिसारा गाळून मोकळा झालेला असतो.

शेजारच्या पडद्यावर 'माळढोक' अशी पाटी होती. ते चित्र पाहून तर आम्ही चकितच झालो. आपल्या माळढोकाची मान पांढरी असते. ह्या पाखराची मान राखाडी असून तिजवर बारीक आडव्या रेघा होत्या. ती मान आफ्रिकेतील कोरी नावाच्या माळढोकाची! महाजालावर जे चित्र प्रथम हाती लागले ते समोर ठेवून पिसे बसविली गेली होती. माळढोकासाठी १९७९ साली राखून ठेवलेले नान्नजचे माळरान सोलापूर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. आम्ही मुलास विचारले, "नान्नजला कधी गेला होतास?" तो गेला नव्हता. शिक्षकांस विचारले, तेही गेले नव्हते. आम्ही मानेचा दोष दाखविला तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

ह्या चार शब्दांस उत्तर द्यावे म्हणून हा लेख आहे. मुलाचा आम्हांस राग नाही. त्याचे कष्ट खरे होते. राग आहे तो त्या वाक्याचा, आणि ते वाक्य ज्या सामान्य समजुतीतून निघते तिचा.

परंतु त्याआधी आमच्याच बाजूस येऊन उभे राहिलेल्या एका मित्रवर्गास दूर सारणे आवश्यक आहे. आमच्याबरोबर आलेले एक रसिक गृहस्थ जिना उतरता उतरता म्हणाले, "यंत्राने काढलेले चित्र ते! त्यात कला कसली?" आमची कुरकुर ऐकून त्यांस वाटले की आम्ही त्यांच्याच मताचे. तसे मुळीच नाही. राजा रविवर्म्याने १८९४ च्या सुमारास मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला व देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर नेली, तेव्हाही असेच बोलले गेले. छायाचित्रे आली तेव्हाही हेच. चलच्चित्रे आली तेव्हाही हेच. हा आक्षेप इतका म्हातारा आहे की त्याच्या वयाचा मान राखण्यापलीकडे त्याचे काही करता येत नाही.

आणि तो निदान सोलापुरात तरी कोणी काढू नये. ज्या चादरीने ह्या शहराचे नाव देशोदेशी नेले तिच्यावरील वेलबुट्टी व मोर कोण काढतो? जकार्ड माग काढतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्सातील लियाँ शहरी जोझेफ मारी जाकार ह्याने तो माग सिद्ध केला. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांस भोके पाडावयाची. जेथे भोक तेथे ताणा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथे तो खाली राहतो. अशा 'हो' आणि 'नाही' ह्यांच्या रांगेतून मोर उतरतो. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज ह्याने आपल्या नियोजित गणकयंत्रास हीच पट्ट्यांची युक्ती लावावयाचे ठरविले. आणि १८४३ साली त्या यंत्रावर लिहिताना एडा लव्हलेस ह्या विदुषीने त्याची तुलना फुले-पाने विणणाऱ्या जकार्ड मागाशीच केली. म्हणजे संगणकाच्या वंशवृक्षात सोलापूरच्या मागाचा पूर्वज चुलत आजोबा लागतो! ज्या पेठांनी मागाचा खडखडाट अंगाईसारखा ऐकला, तेथील मुलाने संगणकावर मोर काढला तर त्यात परधर्म कसला? तो घरच्याच धंद्यास परत आला, असे म्हणावयास हवे.

मात्र ह्याच उदाहरणात आमचा खरा मुद्दा दडलेला आहे. पट्टीस भोके कोठे पाडावयाची हे मागास कळत नव्हते. आलेखाच्या कागदावर चौकटी भरणारा नक्षीकार ते ठरवीत असे. आणि त्याचे डोळे जितके शहाणे, तितकी चादर शहाणी. यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा कोणती द्यावी हे ते सांगत नाही. संगणकाचेही तेच आहे. म्हणून आमचे भांडण यंत्राशी नसून, यंत्र आले म्हणून डोळ्यांस पेन्शन देणाऱ्यांशी आहे.

ह्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, आता सर्व काही तयार मिळते. ब्लेंडर तर विनामूल्य आहे. मायामध्ये केस-पिसांचे खास साधन आहे. हौदिनीने २०२३ साली पिसांसाठी स्वतंत्र हत्यारे दिली. कळ सरकवली की पिसे उगवतात. मग पाखरू पाहावयाचे कशाला?

ह्यास उत्तर द्यावयाचे तर पीस म्हणजे काय ते प्रथम पाहिले पाहिजे. त्यास फार दूर जावे लागत नाही. प्रदर्शनानंतर आठ दिवसांनी तो मुलगा आमच्या घरी आला असता आम्ही गच्चीवर पडलेले पारव्याचे एक पीस व एक साधे भिंग त्याच्या हाती दिले. मधला दांडा, त्यास दोहों बाजूंनी फुटलेले तंतू, प्रत्येक तंतूस पुन्हा दोहों बाजूंनी फुटलेले उपतंतू, आणि पुढच्या बाजूच्या उपतंतूंस बारीक आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात, म्हणूनच इतक्या सुट्या धाग्यांचे एक सलग पाते बनते व हवा आरपार जात नाही. मोठ्या पिसात उपतंतूंची संख्या लाखांवर जाते. आम्ही ते पाते बोटाने मध्येच फाडले व त्याच्या हाती देऊन, चिमटीत धरून खालून वर निरवावयास सांगितले. फट मिटली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, हे परत जुळलं कसं?" अख्खी रात्र संगणक चालवून त्यास जो प्रश्न पडला नव्हता तो एका पारव्याच्या पिसाने पाडला.

आता ह्या ज्ञानाचा चित्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पावलोपावली आहे. केसांसाठी केलेल्या साधनाने पिसे उगविण्याची चाल ह्या वर्गांतून सर्रास दिसते. पण केस एकेरी व गोल असतो, पीस शाखायुक्त व चपटे असते. केसावर पडणारे ऊन आणि पिसाच्या पात्यावर पडणारे ऊन एकाच हिशेबाने परत फिरत नाही. केस सुटे पडले तर मोकळे दिसतात. पिसाचे तंतू सारखे अंतर ठेवून सुटे पडले तर पाखरू पावसात भिजल्यासारखे दिसते. पुढे, बाह्यपंखाच्या पिसास वारा कापावयाचा असतो, म्हणून त्याची वाऱ्याकडील बाजू अरुंद व मागील बाजू रुंद. दांडा मध्यात ठेवला की उड्डाणच नाकारले. पिसे अंगावर गवतासारखी सर्वत्र उगवत नाहीत. ती ठरावीक पट्ट्यांत उगवतात व मधल्या उघड्या जागा मंगलोरी कौलांप्रमाणे एकावर एक रचून झाकतात. ही रचना ज्यास ठाऊक नाही त्याच्या पाखराने मान वळविली की पिसे एकमेकांच्या पोटातून आरपार जातात. ह्या धंद्यातील सर्वांत मोठी डोकेदुखी ती हीच. कारण पंख मिटताना खरी पिसे हातपंख्याच्या पट्ट्यांसारखी एकाखाली एक सरकतात, आणि त्या सरकण्यात एक क्रम असतो. तो क्रम कोणत्याही कळीवर लिहिलेला नाही.

रंगाचे तर काय सांगावे! दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या नीलकंठाच्या निळ्या पिसात निळा रंग नावाचा पदार्थच नाही. पिसाच्या आतील सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो व निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांकडे परततो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांच्या उगमावर निबंध लिहिला, त्यात ह्याच नीलकंठाची पिसे तपासली होती. मोराच्या डोळ्याची झळाळी वेगळ्या जातीची. तेथे उपतंतूंत काळ्या रंगद्रव्याचे सूक्ष्म दांडके जाळीसारखे रचलेले असतात, आणि पाहण्याचा कोन बदलला की रंगही पालटतो. हेच मोरपीस ठेचून भुकटी केली तर निळाई नाहीशी होते. आमच्या मुलाने मोराच्या मानेत निळा रंग भरला होता, भिंतीस निळीचा हात द्यावा तसा. तो कितीही उजळला तरी मोर मान वळवताना जो हिरवा-जांभळा पालट होतो तो त्यात येणे शक्य नव्हते; कारण तेथे रंग ओतावयाचा नसतो, प्रकाशाचा कोन सांगावयाचा असतो.

हे आम्ही पोथीतले सांगत नाही. ज्यांनी संगणकास पिसे शिकविली त्यांचाच मार्ग हा आहे. २००२ साली बीजिंगमधील एका संशोधनशाळेतील चौघा संशोधकांनी पिसे घडविण्याची जी रीत प्रसिद्ध केली तिच्या मुळाशी लिंडेनमायर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६८ साली वाढीच्या वर्णनासाठी बसविलेले व्याकरण आहे. देठ फुटतो, फुटव्यास पुन्हा फुटवे येतात, असा तो नियम. थोड्या आकड्यांत सारे पीस सामावते: दांडा किती वाकावा, तंतू किती लांब असावा, कोणत्या कोनाने निघावा. पण वाचकहो, हे आकडे कोठून यावयाचे? व्याकरण संगणकापाशी आहे, शब्द पाखरापाशी आहेत. नुसते व्याकरण घोकून कोणी कवी झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

आता आक्षेपकांचे उरलेले दोन मुद्दे घेऊ.

पहिला कल्पनेचा. कोणी म्हणेल, चित्रकार हा काही पंचनामा करणारा फौजदार नव्हे. त्यास मोकळीक पाहिजे. पैठणीच्या पदरावरील मोर शास्त्राप्रमाणे असतो काय? अजिंठ्याच्या भिंतींवरील हंसांची पिसे कोणी मोजली होती? मुद्दा वजनदार आहे, व आम्हांस तो पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच आम्ही पैठणीच्या मोरावर बोट ठेवीत नाही. तो मोर 'मी रानातला मोर आहे' असे म्हणतच नाही. 'मी पदरावरचा मोर आहे' असे म्हणतो, आणि ते शंभर टक्के खरे आहे. परंतु जे चित्र तंतू तंतू वेगळा दाखविते, ऊन-सावलीचा हिशेब चुकवीत नाही, आणि खाली पाटी लावते 'माळढोक', त्याने हुबेहूबपणाची शपथ घेतलेली आहे. शपथेवर साक्ष देणाऱ्यास कवीची सवलत मिळत नाही. कल्पनेचे पाखरू काढा, त्यास सात रंगांची शेपटी द्या, आम्ही टाळ्या वाजवू. पण त्यास खऱ्या पाखराचे नाव देऊ नका.

दुसरा मुद्दा पोटाचा, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. ह्या वर्गांत येणारी मुले मध्यम व गरीब घरांतील असतात. फी भरताना आईबापांची ओढाताण होते. त्यांस मुंबई-पुण्याच्या चित्रपट-कारखान्यांत नोकरी हवी असते. काम आठवड्याच्या मुदतीत द्यावयाचे असते. 'अशा मुलांस माळावर उन्हात उभे करून काय मिळणार?' असे त्यांचे शिक्षक विचारतात. आम्ही म्हणतो, नोकरीच मिळणार! ह्या धंद्यात जे शिखरावर आहेत त्यांची कामे पाहा. २०१६ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीने 'पायपर' नावाची सहा मिनिटांची चित्रफीत काढली. समुद्रकाठच्या एका चिमुकल्या पाखराची ती गोष्ट असून पुढील साली तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. तिचा दिग्दर्शक ॲलन बॅरिलारो ह्यास ती सुचली ती कारखान्याजवळच्या किनाऱ्यावर लाटेपुढे धावणारी पाखरे पाहून. आणि त्या मंडळींनी पाखरे पाहण्यात वेळ घालविला म्हणूनच ओले झालेले ते पिल्लू अंग फुलवते तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. तयार कळ सरकविणारे हात उद्या यंत्रच पुरवील. किंबहुना पुरवू लागलेच आहे. २०२२ पासून तर चार शब्द टंकले की यंत्र आपणहून चित्र काढून देते. मग ज्या मुलाने फक्त कळ सरकविणे शिकले त्याची भाकर कोणी हिरावली? त्यास डोळे न देणाऱ्या शिक्षणाने हिरावली. 'गिऱ्हाइकाला काय कळतंय' ह्या तत्त्वज्ञानावर चालणाऱ्या धंद्यात शेवटी गिऱ्हाईक म्हणते, 'मग तुम्ही तरी कशाला?'

येथवर आम्ही कलेचे व धंद्याचे बोललो. आता ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो.

जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. पाखरे व प्राणी समोर बसवून तो चित्रे काढी. मॉरिशस बेटातील डोडो ह्या पाखराचे एक चित्र त्याचे मानले जाते. ते आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. डोडो १६६२ नंतर खात्रीलायकपणे कोणी पाहिला नाही. तो पृथ्वीवरून गेला. त्याची युरोपात पुष्कळ चित्रे निघाली, पण त्यांतील कित्येक एकमेकांवरून उतरविलेली, प्रत्येक नकलेत पाखरू अधिक लठ्ठ व अधिक बावळट झालेले. पुढे विद्वानांस डोडो खरा कसा होता हे हवे झाले, तेव्हा त्यांस ज्या थोड्या विश्वासू साक्षीदारांकडे वळावे लागले त्यांत हे हिंदुस्थानी चित्र होते. कारण त्या चित्रकाराने जिवंत पाखरू डोळ्यांनी पाहिले होते असे त्याची रेघ सांगते. ह्याच मन्सूरने सैबेरियाचा पांढरा क्रौंचही काढला. तो क्रौंच भरतपुरास हिवाळ्यात येत असे. २००२ नंतर आला नाही.

आता आपल्या माळढोकाकडे वळा. नर उभा राहिला तर मीटरभर उंच. वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पाखरांत इतके जड फार थोडे. विणीच्या काळी तो गळ्याची पिशवी फुगवितो, मानेची पांढरी पिसे लोंबत जमिनीकडे उतरतात, शेपटी उभारतो, आणि माळावर त्याचा घुमका दूरवर जातो. अशी पाखरे आज जगात दीडशेच्या आतबाहेर उरली आहेत असे मानतात, व त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. तेथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा उद्योग चालू आहे. विजेच्या तारांवर आदळून ती मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आमच्या सोलापूर-नगरकडील अभयारण्य मूळ ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते, ते पुढे १,२२२ वर आणले गेले. आणि त्या उरलेल्या माळावर माळढोक शोधावयास गेलेला मनुष्य बहुधा काळवीट पाहून परत येतो. एखादी मादी दिसल्याची वार्ता आली तर ती वर्तमानपत्रात छापण्याजोगी होते.

वाचकांनी ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या. इकडे पाखरू माळावरून उठत आहे. तिकडे पडद्यावर त्याची चित्रे शेकड्यांनी उगवत आहेत, राखाडी मानेची. आजचा मुलगा माळढोक पाहू शकत होता आणि त्याने पाहिला नाही; उद्याच्या मुलास पाहावयाचा म्हटला तरी कदाचित चित्रच पाहावे लागेल. ते चित्र कोणते असेल? ही भीती काल्पनिक नाही. मोराच्या पिल्लाचेच पाहा. मोराचे खरे पिल्लू तपकिरी, कोंबडीच्या पिल्लाच्या धाटणीचे असते. पण २०२४ साली महाजालावर 'मोराचे पिल्लू' असे शोधणाऱ्यांपुढे निळ्याभोर रंगाची, इवलासा पिसारा फुलविलेली यंत्ररचित बाहुलीच वारंवार येऊ लागली, आणि भलेभले लोक तिला भुलले. शिवाय ही यंत्रे चित्रांवरूनच चित्रे शिकतात. शुक्रवार पेठेतील माडीवर चुकलेली एक मान महाजालावर चढली की ती पुढच्या दहा मानांची गुरू होते. डोडोचा नकलाकार निदान एका वेळी एकच नक्कल करीत होता! म्हणजे 'गिऱ्हाइकाला काय कळतंय' हे वाक्य आज अर्धेच खरे असेल. असेच चालले तर आपल्याच हातांनी आपण ते पूर्ण खरे करून ठेवू.

मग करावे काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत व त्यांस पैसा जवळजवळ लागत नाही. प्रत्येक अशा वर्गाने पहिला आठवडा संगणक बंद ठेवावा, आणि विद्यार्थ्याने पारव्याचे किंवा कोंबडीचे एक पीस भिंगाखाली पाहून पेन्सिलीने कागदावर काढावे. दुसरे, महिन्यातून एक रविवार कंबर तलावावर, हिप्परग्यास किंवा नान्नजच्या माळावर घालवावा. माळढोक न दिसो, चंडोल दिसेल, टिटवी दिसेल, आणि पाखरू पंख कसे मिटते हे टिटवीही फुकट शिकविते. तिसरे, परीक्षकांनी 'किती तंतू काढले' हे न विचारता तीन प्रश्न विचारावे: कोणते पाखरू, अंगावरील कोणत्या जागेचे पीस, आणि कोणता महिना. ह्या तिन्हींस उत्तर नसेल तर चित्र कितीही चकाको, त्याखाली पाखराचे नाव लावू देऊ नये. आणि चौथी मागणी आम्हां घरच्या वडीलधाऱ्यांकडे: मुलाने चित्र दाखविले की 'वा, अगदी खरे वाटते!' म्हणण्यापूर्वी खरे कसे असते ते आपण तरी पाहिले आहे काय, हे स्वतःस विचारावे. शिक्षकांचे ते वाक्य आम्हांविषयीच होते.

सोलापुरास हे सांगावे लागावे, ह्याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. मारुती चितमपल्ली ह्याच शहरात १९३२ साली जन्मले. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी आयुष्य रानात घालविले, पाखरांची नावे गोंड-कोरकूंच्या व पारध्यांच्या तोंडून गोळा केली, आणि मराठीस 'पक्षिकोश' दिला. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीच्या १८ जूनला त्यांनी ह्याच शहरात देह ठेवला. ज्या गावाने असा पाहणारा दिला त्या गावच्या मुलांनी परक्या पाखराची मान आपल्या माळढोकास लावावी, आणि आम्ही ती पाहून 'वा' म्हणावे, ह्यात दोष संगणकाचा नाही. संगणकाने जे सांगितले ते निमूटपणे केले. सांगणारांनी पाहिले नव्हते. नान्नजचा रस्ता अजून खुला आहे.